कावडीचा डोंगर आणि सहा दिवसांची रजा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा दोघांनाही एकदम रजा मिळेल अशी चिन्हं दिसायला लागली ती २०२५ च्या मे महिन्यात. जाऊन-येऊन सहा दिवस. मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं थायलंड, उजवीकडे कंबोडिया.

डावीकडचा रकाना भराभर भरला. मुंबईहून बँकॉकला थेट विमान. भारतीयांना तेव्हा आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. समुद्र आहे, बाजार आहेत, आणि ओळखीतलं निम्मं गाव जाऊन आलेलं असल्याने सल्ल्याला तोटा नाही. उजवीकडे अडचणीच जास्त. ई-व्हिसा काढा, वाटेत विमान बदला, अंगकोरच्या एका दिवसाच्या तिकिटाला ३७ डॉलर आणि तीन दिवसांच्या तिकिटाला ६२ डॉलर मोजा. पण त्या रकान्यात अंगकोर होतं, आणि त्या एका नोंदीपुढे डावीकडच्या सगळ्या नोंदी हलक्या पडत होत्या. हवामानाचा निकष कामाचा नव्हता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे पाऊस नसतो आणि ऊनही त्यातल्या त्यात सोसण्यासारखं असतं. ढगांना सीमा कळत नाही.

बायकोने तोडगा काढला. "एकच कशाला निवडायचा? दोन्ही करू." बँकॉकहून सकाळी निघायचं, अरण्यप्रथेत या गावी सीमा पायी ओलांडायची, पलीकडे पॉयपेटहून गाडी पकडून रात्रीपर्यंत सिएम रीप. सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या आसपास. अरण्यप्रथेत म्हणजे आपला 'अरण्यप्रदेश', हे कळल्यावर तर मी मनाने तिथे पोचलोच होतो.

२८ मे रोजी सीमेच्या पूर्व टोकाला दोन्ही सैन्यांत चकमक झाली आणि एक कंबोडियन सैनिक मारला गेला. जूनमध्ये एकामागून एक नाकी बंद झाली. त्याच महिन्यात थायलंडच्या पंतप्रधान पैतोंगतार्न यांचं कंबोडियाचे बुजुर्ग नेते हुन सेन यांच्याशी झालेलं फोनवरचं संभाषण फुटलं, आणि ऑगस्टच्या अखेरीस तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केलं. मधल्या काळात, २४ जुलैला, पाच दिवसांचं युद्धच झालं. तोफा, रॉकेटं, लढाऊ विमानं. चाळीसहून अधिक माणसं मेली, सुमारे तीन लाखांना घरं सोडावी लागली.

माझ्या वहीतली उभी रेघ अशी अचानक खरी झाली. प्रवासाला जाण्याआधी त्या देशाचा इतिहास वाचायची मला सवय आहे. या वेळी देश बाजूला राहिले आणि मी रेघेचाच इतिहास वाचत बसलो.

अंगकोर कुठल्या रकान्यात?

पहिला धक्का सोपा होता. ही वही मी १९०६ साली मांडली असती, तर अंगकोर डावीकडच्या रकान्यात लिहावं लागलं असतं.

ख्मेर राजांचं साम्राज्य भरात होतं तेव्हा आजच्या थायलंडचा मोठा भाग त्यांच्या अमलाखाली होता. अंगकोर वाट हे मूळचं विष्णुमंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्म्याने उभारलं. 'अंगकोर' हे आपल्या 'नगर' शब्दाचंच रूप. पुढे पश्चिमेला थाई राज्यं वाढली. त्यातलं सर्वांत बलाढ्य होतं अयुथ्या, म्हणजे अयोध्या. १४३१ साली अयुथ्याच्या सैन्याने अंगकोर जिंकलं असं परंपरा सांगते. त्यानंतर ख्मेर राजधानी दक्षिणेला सरकली. उलट ज्या सिएम रीपला आपण विमानाने उतरतो, त्या नावाचा लोकांत रूढ असलेला अर्थ 'सयामचा पराभव' असा आहे. म्हणजे दोघांनीही आपापले विजय जपून ठेवले आहेत. एकाने बखरीत, दुसऱ्याने गावाच्या नावात.

अठराव्या शतकाच्या शेवटी सयामने बट्टमबँग आणि सिएम रीप हे प्रांत आपल्या ताब्यात घेतले. कंबोडियाचा राजा उरला, पण एका बाजूला सयाम आणि दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम अशा दोन दांडग्या शेजाऱ्यांमध्ये चेंगरलेला. १८६३ साली त्याने फ्रेंचांचं संरक्षण स्वीकारलं. १८६७च्या तहात सयामने कंबोडियावरचा हक्क सोडला, मात्र अंगकोरसह ते दोन प्रांत स्वतःकडे ठेवले.

याच सुमाराची एक गोष्ट बँकॉकच्या बखरीत आहे. सयामचा राजा मोंगकुट याला वाटलं की ख्मेर मंदिरांपैकी एखादं उचलून राजधानीत आणावं. त्याने माणसं धाडली. दगड उतरवायला गेलेल्या या लोकांवर ता प्रोमजवळ स्थानिकांनी हल्ला केला, त्यात अधिकारी मारले गेले. मग राजाने मंदिर आणायचा नाद सोडला आणि त्याऐवजी अंगकोर वाटची दगडी प्रतिकृती करायला सांगितली. ती आजही बँकॉकच्या राजवाड्यात, पाचूच्या बुद्धाच्या मंदिराच्या आवारात आहे.

२३ मार्च १९०७ च्या तहाने सयामने बट्टमबँग, सिएम रीप आणि सिसोफोन फ्रान्सला दिले आणि बदल्यात किनाऱ्यावरचा त्रात आणि उत्तरेकडचा दान साई हा भाग परत घेतला. अंगकोर उजव्या रकान्यात आलं ते असं. एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी. त्यातला एक पॅरिसचा होता.

कावड

थायलंड आणि कंबोडियाच्या मधली उत्तरेकडची सीमा एका डोंगररांगेवरून जाते. तिचं ख्मेर नाव 'दांगरेक', आणि दांगरेक म्हणजे कावड. खांद्यावर आडवी घेतलेली, दोन्ही टोकांना ओझं लटकवलेली. नाव ठेवणाऱ्यांनी फक्त डोंगराचा लांबट, किंचित वाकलेला आकार पाहिला असणार. आज मात्र त्या नावात दोन्हीकडचं ओझंही दिसतं.

या रांगेचा आकार सह्याद्री पाहिलेल्या माणसाला लगेच समजतो. उत्तरेकडून, म्हणजे थायलंडच्या कोरात पठाराच्या बाजूने, जमीन हळूहळू चढत जाते, जशी आपल्याकडे देशावरून घाटमाथ्यापर्यंत चढते. दक्षिणेकडे एकदम कडा तुटतो आणि खाली कंबोडियाचं मैदान पसरतं. आपल्या कोकणासारखं, फक्त समुद्राशिवाय. त्या कड्याच्या टोकावर शिवाचं एक देऊळ आहे. जुन्या संस्कृत शिलालेखांत तिथल्या देवाचं नाव शिखरेश्वर. ख्मेर त्याला प्रेआ विहिअर म्हणतात, थाई फ्रा विहान. दोन्हींचा अर्थ एकच, पवित्र विहार. देवळाची मांडणी विलक्षण आहे. सुमारे आठशे मीटर लांबीचा एकच सरळ अक्ष, त्यावर पायऱ्या, फरसबंदी, गोपुरं, पुन्हा पायऱ्या, आणि शेवटी कड्याच्या अगदी काठावर गाभारा. वाट उत्तरेकडून चढते. म्हणजे आज जो थायलंड आहे तिकडून देवळात शिरणं सोपं, आणि ज्या कंबोडियाच्या मालकीचं ते आहे तिकडून कडा चढावा लागतो.

१९०४ च्या फ्रान्स-सयाम तहात लिहिलं होतं की या भागातली सीमा पाणलोटाच्या रेषेने जाईल. पावसाचं पाणी उत्तरेला वाहतं ती बाजू सयामची, दक्षिणेला वाहतं ती फ्रान्सची. शेतकऱ्यालाही पटावी अशी व्यवस्था. त्यानुसार मोजणीसाठी दोन्ही देशांचा संयुक्त आयोग नेमला गेला. फ्रेंच बाजूचे प्रमुख होते कर्नल बर्नार. पण आधुनिक नकाशे करण्याची साधनं सयामकडे नव्हती, म्हणून सयामनेच फ्रेंच अधिकाऱ्यांना नकाशे करून द्यायची विनंती केली. ११ नकाशे पॅरिसला छापून १९०८ मध्ये आले. तोवर आयोगाचं काम बंद पडलं होतं. त्यातल्या दांगरेकच्या नकाशात सीमारेषा देवळाच्या उत्तरेने काढलेली होती. देऊळ फ्रान्सच्या बाजूला.

पाणी खरोखर कुठे वाहतं, हे त्या वेळी बँकॉकमध्ये कुणी जाऊन पाहिलं नाही. सयामचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग यांनी नकाशांबद्दल आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटण्यासाठी आणखी १५ प्रती मागवल्या. सयामने स्वतः मोजणी केली ती १९३४-३५ मध्ये. तेव्हा लक्षात आलं की नकाशातली रेघ आणि पाणलोटाची रेषा जुळत नाही. तरीही त्यानंतर अनेक वर्षं सयाम देवळाला फ्रेंच बाजूला दाखवणारे नकाशे वापरत राहिलं.

बेळगावचं नाव ऐकत वाढलेल्या माणसाला हे सगळं परकं वाटत नाही. रेघ मारणारा निघून जातो, आणि तिच्या दोन बाजूंची माणसं पुढची शंभर वर्षं दाखले गोळा करत बसतात.

एका राजपुत्राची सहल

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त छळलं ते एका सहलीने. १९३० साली हेच राजपुत्र दामरोंग, आता म्हातारे झालेले, प्राचीन वास्तू पाहत हिंडत होते. पुढे त्यांना थाई इतिहासलेखनाचे जनक म्हटलं गेलं, तेव्हा देवळं पाहायची त्यांची हौस खरी होती यात शंका नाही. बरोबर मुलगीही होती. ते प्रेआ विहिअरला पोचले तर तिथे फ्रेंच अधिकारी गणवेशात स्वागताला उभा, आणि वर फ्रेंच झेंडा. राजपुत्रांनी देऊळ पाहिलं, पाहुणचार घेतला, परत जाऊन आभार मानले आणि काढलेले फोटो पाठवून दिले. सभ्य माणूस दुसरं काय करतो?

१९५३ साली कंबोडिया स्वतंत्र झाला. फ्रेंच जाताच १९५४ मध्ये थाई सैनिकांनी देवळाचा ताबा घेतला. १९५९ मध्ये कंबोडिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री डीन अचेसन होते, थायलंडच्या बाजूने माजी पंतप्रधान सेनी प्रमोज. १५ जून १९६२ रोजी निकाल लागला. ९ विरुद्ध ३ मतांनी देऊळ कंबोडियाचं.

पाणी कुठे वाहतं या प्रश्नात न्यायालय शिरलंच नाही. त्याचं म्हणणं असं: नकाशा चुकीचा असेल, पण तो तुम्हाला मिळाला होता. तुम्ही आक्षेप घेतला नाहीत, वर जास्तीच्या प्रती मागवल्यात. तुमचा राजपुत्र परक्या झेंड्याखाली स्वागत घेऊन आला आणि त्यानंतरही कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं आणि बोलता आलं असतं, तेव्हा जो गप्प राहिला त्याची संमती होती असं धरावं लागेल. न्यायालयाने यासाठी लॅटिन वचनाचा आधार घेतला. आपण म्हणतो 'मौनं संमतिलक्षणम्'.

त्यातलं 'बोलता आलं असतं' हे शब्द मला अडवतात. १८९३ साली फ्रेंच युद्धनौका तोफा डागत चाओ फ्राया नदीत शिरल्या होत्या आणि त्यानंतर मेकाँगच्या डाव्या तीरावरचा सगळा प्रदेश सयामला सोडून द्यावा लागला होता. राजपुत्रांच्या त्या मुलीने खटल्याच्या वेळी प्रतिज्ञापत्रात म्हटलं की निषेध केला तर फ्रेंचांना आणखी जमीन घ्यायला निमित्त मिळेल, हे तेव्हा सगळेच जाणून होते. दुबळ्याचं मौन संमती असतं का? वर्गात शिक्षकासमोर, कचेरीत साहेबासमोर गप्प बसलेल्या कुणालाही याचं उत्तर ठाऊक आहे.

पण इथेच थांबलं तर चित्र अर्धं राहतं. सयामचं दुबळेपण फ्रान्सपुढचं होतं. कंबोडियापुढे तोच सयाम दांडगा होता. १९४१ मध्ये जपानच्या मध्यस्थीने थायलंडने बट्टमबँगसह बराच मुलूख पुन्हा घेतला, तो महायुद्धानंतर १९४६ मध्ये परत करावा लागला. १९०७ च्या तहात कंबोडियाला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याचं मौन मोजायचा प्रश्नही आला नाही. मी वाचता वाचता कधी या रकान्यात जात होतो, कधी त्या. दर वीस पानांनी माझा अन्यायग्रस्त बदलत होता.

निकालानंतर थाई सैनिकांनी झेंडा उतरवला नाही. फडकत्या झेंड्यासकट खांबच उपटून शेजारच्या थाई कड्यावर नेला. जानेवारी १९६३ मध्ये सिहानूक यांनी कडा चढून देवळाचा ताबा घेतला.

कड्यावरून खाली

देऊळ उंचावर असल्यामुळे नंतरच्या प्रत्येक युद्धात ते ठाणं झालं. एप्रिल १९७५ मध्ये नॉम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडलं, तरी या कड्यावर जुन्या सरकारचे सैनिक मे महिन्यापर्यंत टिकून होते.

आणि जून १९७९. पोल पॉटची राजवट कोसळल्यावर उपासमार आणि लढाई यांतून वाचलेले हजारो कंबोडियन थायलंडमध्ये शिरले होते. थाई लष्कराने चाळीस हजारांहून अधिक लोकांना बसमध्ये भरून प्रेआ विहिअरजवळच्या कड्यावर आणलं आणि बंदुकीच्या धाकाने खाली उतरायला लावलं. पायथ्याला सुरुंग पेरलेले होते. माणसं कड्यावरून पडून मेली, सुरुंगांनी मेली, पाण्यावाचून मेली. मृतांची संख्या हजारांत होती. पाणलोटाची रेषा कुठून जाते हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नसेल.

नंतर काही वर्षं बरी गेली. थायलंडच्या बाजूने प्रवासी सहज चालत वर जात, कंबोडियाच्या व्हिसाशिवाय देऊळ पाहून परत येत. जुलै २००८ मध्ये कंबोडियाच्या अर्जावरून देऊळ जागतिक वारसा यादीत गेलं आणि थायलंडमध्ये राष्ट्रवादी राजकारणाला उकळी फुटली. वाद आता देवळाभोवतीच्या ४.६ चौरस किलोमीटरचा होता. २००८ ते २०११ मध्ये अनेकदा गोळीबार झाला. २०१३ मध्ये न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की देऊळ ज्या सुळक्यावर आहे तो संपूर्ण सुळका कंबोडियाचा. थाई बाजूची वाट बंद झाली ती झालीच.

ज्यांच्या डोक्यावरून या तोफा डागल्या जातात ती माणसं कोण? थायलंडच्या सुरिन, बुरीराम, सी सा केत या प्रांतांत लाखो लोक घरात ख्मेर बोलतात. जुलैमध्ये ताबडतोब पळावं लागलं ते त्यांना, आणि पलीकडून पळाले तेही ख्मेर बोलणारेच.

आपणही या प्रकरणात कोरडे नाही. तिथली मंदिरं 'आपलीच' असल्याचा सूर आपल्या गप्पांत फार लवकर लागतो. भारतीय पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ अंगकोर वाटवर काम केलं, जेव्हा बहुतेक जग नॉम पेन्हच्या सरकारला मान्यताच देत नव्हतं. नंतर ता प्रोमचं कामही हाती घेतलं. हा खरा, घाम गाळलेला संबंध आहे. पण डिसेंबरमध्ये सीमेवरची विष्णूची अलीकडच्या काळातली मूर्ती यंत्राने पाडल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या गटात पहिल्यांदाच या युद्धाचा उल्लेख झाला. तोवर विस्थापित झालेल्या लाखो लोकांबद्दल एक ओळही आली नव्हती. मीही लिहिली नव्हती.

निवड

२६ ऑक्टोबरला क्वालालंपूरमध्ये दोन्ही पंतप्रधानांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. बायको म्हणाली, "बघ, मिटलं. बँकॉकहून विमानाने जाऊ सिएम रीपला." नोव्हेंबरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात थाई सैनिक जखमी झाले आणि थायलंडने जाहीरनाम्याची अंमलबजावणी थांबवली. आम्ही फक्त बँकॉकची तिकिटं काढली. ८ डिसेंबरपासून लढाई पुन्हा पेटली, जुलैपेक्षा मोठी आणि लांबलेली. प्रेआ विहिअरचं नुकसान झाल्याची तक्रार कंबोडियाने केली.

म्हणजे शेवटी निवड आम्ही केलीच नाही. जिथे विमान सुखरूप उतरतं तिथे गेलो. सहलीला जाणाऱ्याचं हे नेहमीचंच शहाणपण आहे, आणि त्याचा फायदा नेहमी मोठ्या विमानतळाच्या, मोठ्या बाजाराच्या देशाला होतो. दामरोंग यांची सहल पुरावा ठरली. आमच्यासारख्यांच्या सहली कुठल्या न्यायालयात जात नाहीत. पण सिएम रीपला त्या डिसेंबरात प्रवाशांची वाट पाहणाऱ्या टुकटुकवाल्याच्या हिशेबात त्याही धरलेल्या असणारच.

२७ डिसेंबरला सकाळी आम्ही बँकॉकच्या राजवाड्यात होतो. गर्दी इतकी की चालायचं ते रांगेच्या वेगाने. त्या दुपारी बारापासून युद्धविराम लागू होणार असल्याची बातमी तिथेच फोनवर आली. सोन्याच्या चकाकत्या चैत्यांजवळ, चौथऱ्यावर, राखाडी दगडाचं अंगकोर वाट दिसलं. पाच शिखरं, ओवऱ्या, पायऱ्या, सगळं नीट. बाकीच्या आवारात इतका रंग आणि काच की हा करडा तुकडा चुकून तिथे राहिल्यासारखा वाटतो.

शेजारी एक मराठी कुटुंब फोटो काढत होतं. वडील आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सांगत होते, "हे अंगकोर वाट बरं का. खरं मंदिर कंबोडियात आहे."

"मग इथे कशाला ठेवलंय?" मुलीने विचारलं.

वडिलांनी इकडेतिकडे फलक शोधला. मला मोंगकुट राजा आठवत होता, ता प्रोमजवळ मेलेली माणसं आठवत होती, १९०७ चा तह तर तोंडपाठ होता. पण त्यांचा गाइड पुढून छत्री हलवून बोलावत होता, आणि अनोळखी लेकराला काय काय सांगणार. मी गप्प राहिलो. ती मुलगी जाता जाता वळून एकदा त्या दगडी शिखरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेली.